आधी भोक मोजा, मग क्रँक बघा

रात्री साडेअकराला भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. काळीभोर, चकचकीत क्रँक, पाच फांद्यांची, मोठ्या चेनरिंगला ५३ दाते. खाली एवढंच: "मामा, निम्म्या किमतीत मिळतेय. घेऊन टाकू?" मी लिहिलं, "फ्रेमच्या खालच्या भोकाचा फोटो पाठव." त्याला वाटलं मी झोपेत टाइप करतोय.

भाचा मुलुंडला राहतो. वर्षभर पैसे साठवत त्याने एक जुनी अ‍ॅल्युमिनियमची रोड फ्रेम, शिमानो कंपनीच्या १०५ मालिकेचे ११ स्पीडचे (मागे ११ गिअरचे) शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचे खटके, चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे पुढचा-मागचा डिरेलर, चाकं आणि ११–३० कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा ११ ते ३० दात्यांच्या चकत्यांचा संच, एवढा ऐवज जमवला होता. राहिला होता फक्त क्रँकसेट, आणि पाकिटातही फार काही राहिलं नव्हतं. त्याला जे समजावलं तेच इथे लिहितोय, कारण हा प्रश्न सायकल जुळवणाऱ्या प्रत्येकाला एकदा पडतोच.

क्रँकसेट म्हणजे पायडल ज्यांना लागतात ते दोन दांडे, उजव्या दांड्यावरच्या दातेरी चकत्या म्हणजे चेनरिंग, आणि दोन्ही दांडे जोडणारा एक्सल. हा एक्सल फ्रेमच्या तळाच्या आडव्या नळकांड्यात फिरतो. त्या नळकांड्यात बेअरिंगचा जो संच बसतो तो बॉटम ब्रॅकेट, मिस्त्रींच्या भाषेत बीबी. (मिस्त्री "बीबी गेली" म्हणाला की दुकानातलं एखादं तरी गिऱ्हाईक हसतंच.) आजोबांच्या काळ्या सायकलीत हेच काम छर्रे आणि कॉटर पिन करायची. पिन झिजली की पायडल दर फेरीला "टक" करायचं आणि आळीतल्या सगळ्यांना कळायचं कोण आलं ते.

क्रँकसेट हा सायकलवर सगळ्यात उठून दिसणारा भाग. गंमत अशी की त्याच्या निवडीत आपल्या हातात फार थोडं असतं. फ्रेमचं भोक, शिफ्टर, डिरेलर आणि तुम्ही चढणार तो घाट, या चौघांनी बरंचसं आधीच ठरवलेलं असतं. आपण फक्त त्यांचं ऐकायचं. ऐकलं नाही की पैसे दोनदा जातात.

भोकापासून सुरू करू. भाच्याला म्हटलं, जुनी बीबी काढलेली आहे ना, मग फडक्याने आत पूस, टॉर्च मार आणि शाळेतली स्टीलची पट्टी आडवी लावून नळकांड्याची रुंदी मोज. ६८ मिमी आली. आता इथे एक फसगत आहे. आटे असलेली नेहमीची बीएसए फ्रेम ६८ मिमी रुंद असते, आणि बीबी-३० नावाची, आटे नसलेली, बेअरिंग दाबून बसवायची फ्रेमसुद्धा ६८ मिमीच. त्यामुळे नुसती रुंदी पुरत नाही, आत बघावं लागतं. आतून गुळगुळीत आणि भोक ४२ मिमीचं असेल तर ती बीबी-३०. स्क्रूसारखे आटे दिसले आणि भोक साधारण ३५ मिमीचं असेल तर बीएसए. बीबीच्या जुन्या वाटीवर, म्हणजे बेअरिंग धरणाऱ्या कड्यावर, कधीकधी १.३७ × २४ असं कोरलेलं असतं, म्हणजे व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. ३६ × २४ दिसलं आणि रुंदी ७० मिमी आली तर फ्रेम इटालियन मापाची. कार्बन फ्रेमींमध्ये पुष्कळदा ८६.५ मिमी रुंदीची, ४१ मिमी भोकाची बीबी-८६ भेटते.

भाच्याच्या फोटोत आटे स्पष्ट दिसत होते. आणि त्याला निम्म्या किमतीत मिळणारी ती सुंदर क्रँक होती बीबी-३०ची. तिचा एक्सल ३० मिमी जाड, पण लांबीला आखूड, कारण तिथे बेअरिंग फ्रेमच्या आतच बसतात. आट्यांच्या फ्रेममध्ये आजकालच्या वाट्या बाहेरच्या बाजूला बसतात. ६८ मिमीच्या दोन्ही अंगांना वाट्या लागल्या की एकूण रुंदी ९० मिमीच्या आसपास जाते, आणि तो आखूड एक्सल पलीकडे पोचतच नाही. कुठलाही अ‍ॅडॅप्टर आणा, लांबी कुठून आणणार?

उलट दिशेचा प्रवास मात्र सोपा आहे. शिमानोचा २४ मिमीचा स्टीलचा एक्सल, ज्याला ते हॉलोटेक टू म्हणतात, तो बीएसएमध्ये बसतो, बीबी-८६मध्ये बसतो, इटालियनमध्ये बसतो, आणि योग्य बीबी घेतली तर बीबी-३०च्या भोकातही बसतो. क्रँक तीच, बदलायची फक्त बीबी. उद्या ही फ्रेम विकून दुसरी घेतलीत तरी क्रँक तुमच्याबरोबर येते. बजेट तंग असताना मी डोळे झाकून २४ मिमीकडे जातो ते म्हणूनच. स्रॅम या दुसऱ्या कंपनीचंही वाईट नाही, पण त्यांच्या जुन्या जीएक्सपी जातीचा एक्सल एका बाजूला २४ आणि दुसऱ्या बाजूला २२ मिमी, आणि २०१८पासूनच्या डब जातीचा २८.९९ मिमी. बीबी त्याच मापाची हवी, आणि ती बिघडली त्या दिवशी जवळच्या दुकानात मिळेलच असं नाही. स्वस्तात मिळाली म्हणून वेगळ्याच मापाची क्रँक उचलायची आणि मग तिच्यासाठी खास बीबी, खास पाना, खास वॉशर शोधत फिरायचं, ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

८ स्पीडची साधी बांधणी करणार असाल तर जुन्या पद्धतीच्या चौकोनी टोकाच्या एक्सलला, म्हणजे स्क्वेअर टेपरला, नाक मुरडू नका. त्याची बंद डब्यासारखी कार्ट्रिज बीबी स्वस्त असते आणि पावसात मुकाट्याने चालते. काळजी एकच. दांड्याचा बोल्ट सैल असताना सायकल चालवली की अ‍ॅल्युमिनियमचं चौकोनी भोक गोलट होतं, आणि एकदा गोलट झालं की तो दांडा भंगारात.

आता दाते. इथे जरा सावकाश जाऊ, कारण ५३ दात्यांचा मोह इथेच सुटतो.

मुंबईतलं आपलं रोजचं चालवणं म्हणजे सपाट रस्ता, मधूनमधून उड्डाणपूल. पहाटे ईस्टर्न एक्सप्रेसवर किंवा पामबीच रोडला सुटलात तर बरा सराव असलेला माणूस २७ किमीच्या वेगाने जातो. २८ मिमी टायरचं चाक एका फेरीत साधारण २.१४ मीटर पुढे जातं. पुढे ५० दाते आणि मागे २१ असतील तर २७च्या वेगाला पाय मिनिटाला ८८ फेरे मारतात. पुढे ५३ लावले तर ८३–८४. फरक एवढाच. मग ५३चा उपयोग कुठे? ५०–११वर (पुढे ५०, मागे ११) मिनिटाला ९० फेऱ्यांनी ५२ किमीचा वेग येतो, ५३–११वर ५५–५६चा. दोन्ही वेग तुम्ही-मी फक्त उतारावर बघतो, आणि उतारावर पायडल मारत नाही, ब्रेक सांभाळतो.

फरक पडतो तो लहान चेनरिंगमध्ये. ५३च्या जोडीला ३९ येते, ५०च्या जोडीला ३४. भाच्याला येत्या हिवाळ्यात मित्रांबरोबर बोरघाट चढायचाय, खोपोलीहून खंडाळा, जुन्या रस्त्याने. त्या घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी पोचेपर्यंत माणसाला आपल्या गिअरची खरी किंमत कळलेली असते. मागे ३० दाते आणि मिनिटाला ६० फेरे धरा. ३४वर सायकल ताशी ८.७ किमीने चढते. ३९वर तेच ६० फेरे ठेवायचे तर वेग १० किमी हवा, म्हणजे तेवढी ताकद हवी. ती नाही? मग वेग ८.७ ठेवा, फेरे ५२वर येतील आणि प्रत्येक फेरीत पायाला १५ टक्के जास्त जोर लागेल. पाच मिनिटं काही वाटत नाही. अर्ध्या तासाने गुडघा बोलायला लागतो. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याकडे जाणारा चढ तर याहून खडा, तिथे ३९ घेऊन गेलेले लोक मी सायकल हातात धरून चालताना पाहिलेत. त्यांतला एकदा मीच होतो.

म्हणून मुंबईत राहून सुट्टीच्या दिवशी घाटात जाणाऱ्या साध्या माणसाला ५०–३४ची चेनरिंगची जोडी, म्हणजे कॉम्पॅक्ट. ५२–३६ ही मधली वाट आहे, दोनेक वर्षं नियमित चालवणाऱ्यांसाठी. ठाण्याच्या येऊरचा चढ दर रविवारी चढून धाप न लागणारे त्यात मोडतात. मी मोडत नाही. आणखी हलका ४६–३० सुद्धा मिळतो आणि बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, करणाऱ्यांना तो फार आवडतो. पण ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यांच्या, सायकलींसाठीच्या शिमानो जीआरएक्समध्ये चेनरिंग रोडच्या मानाने सुमारे अडीच मिमी बाहेर असतात, त्यामुळे रोडचा पुढचा डिरेलर तिथे नीट पोचत नाही आणि त्याच जातीचा डिरेलर घ्यावा लागतो. पुन्हा मसाला.

मागच्या डिरेलरचं गणित इथेच उरकून घ्या. चेनचा किती ढिलेपणा तो गोळा करू शकतो याला एक मर्यादा असते. दोन चेनरिंगमधला फरक अधिक कॅसेटच्या टोकांमधला फरक. भाच्याचं: ५० वजा ३४ म्हणजे १६, ३० वजा ११ म्हणजे १९, एकूण ३५. त्याच्याकडे १०५चा आखूड पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा खालचा हात आखूड असलेला) आर७००० डिरेलर होता, त्याची मर्यादा ३५. बरोबर काठावर बसलं. उद्या त्याला ११–३४ कॅसेट लावायची झाली तर बेरीज ३९ होते आणि लांब पिंजऱ्याचा डिरेलर लागतो.

दांड्याच्या लांबीवर लोक तासन् तास बोलतात. मी दोन मिनिटांत आटपतो. १६५, १७०, १७२.५, १७५ अशी मापं असतात. १७० आणि १७२.५मधला फरक अडीच मिलिमीटर, डोळे बांधून बसवलं तर ओळखता येणार नाही. साधारण उंचीच्या माणसाने १७० घ्यावी. उंची कमी असेल किंवा गुडघा कुरकुरत असेल तर १६५, कारण पाय वर येताना गुडघा कमी दुमडतो. सीट तेवढी ५ मिमी वर घ्यायची. लांब दांड्याने जास्त ताकद मिळते हा समज जुना झाला. टूर द फ्रान्सचा विजेता तादेय पोगाचार १६५वर शर्यती जिंकतो.

मग कुठली? १०५चे शिफ्टर आहेत म्हणून क्रँकही १०५चीच पाहिजे असा काही नियम नाही. ११ स्पीडला ११ स्पीडची चेनरिंग हवी, एवढंच. शिमानोचीच आरएस५१० नावाची, कुठल्याही मालिकेत न मोडणारी ११ स्पीडची क्रँक आहे. तोच २४ मिमीचा एक्सल, ५०–३४मध्ये मिळते, दिसायला जरा ठोकळेबाज. १०५ची क्रँक आतून पोकळ, म्हणून हलकी. समजा शंभर ग्रॅमने. हे शंभर ग्रॅम किती? तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो धरा. तासभराच्या घाटात ते चार-पाच सेकंदांचे होतात. बाटलीतले दोन मोठे घोट आधी प्यायलात तर वजन तेवढंच उतरतं. शिमानोचीच वरच्या मालिकेतली अल्टेग्रा आणखी हलकी, आणखी देखणी, पण हात आखडता असताना त्या पैशाचे चांगले टायर घ्या. भाऊच्या धक्क्यापासून घोडबंदरपर्यंतच्या खड्ड्यांत टायर तुमच्या कामाला येतील, पोकळ दांडे येणार नाहीत.

जुनी घ्यायची तर जरूर घ्या, पण हातात घेऊन बघून. दाते आधी बघा. चांगला दाता दोन्ही अंगांनी सारखा असतो, झिजलेला एका बाजूला कललेला, शार्कच्या पंखासारखा टोकदार दिसतो. दुकानदार "अजून पाच हजार किलोमीटर जाईल" म्हणेल, तुम्ही दाते बघा. मग पायडलचं भोक: आतले आटे धारदार आणि अखंड हवेत. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते माहीत नसलेल्या कुणीतरी जोर लावून उजवं पायडल डावीकडे घुसवलेलं असतं आणि धातूचा चुरा अजून आत असतो. मग चेनरिंगच्या फांद्या. चेनरिंगचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात ते १३० मिमीचं असलेल्या जुन्या पाच फांद्यांच्या क्रँकला ३८हून लहान चेनरिंग बसतच नाही, ३४ हवी असेल तर वर्तुळ ११० मिमीचं पाहिजे. दुकानात पट्टी काढायला लाजू नका.

जुनी अल्टेग्रा किंवा तिच्याही वरची ड्युरा-एस फारच स्वस्त मिळत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२३मध्ये शिमानोने जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेल्या ११ स्पीडच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँकची मोफत तपासणी आणि खराब निघाली तर बदली जाहीर केली होती. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे ६,८०,००० क्रँक होत्या. त्यांचे पोकळ दांडे दोन भाग चिकटवून केलेले, आणि तो सांधा सुटू शकत होता. दांड्याच्या मागच्या बाजूला दोन अक्षरांचा कोड असतो, त्यावरून क्रँक कुठल्या काळातली ते कळतं. विकणाऱ्याला तपासणी झाली का ते विचारा, आणि उजेडात दांड्याची शिवण नखाने चाचपून बघा. फट लागली तर नमस्कार करून निघा. १०५ त्या यादीत नव्हती.

भाच्याने शेवटी नवी आरएस५१० घेतली, ५०–३४, १७० मिमी, आणि सोबत साधी बीएसए बीबी. रविवारी सकाळी त्याच्या गॅलरीत बसवायला गेलो. बीबीची उजवी वाटी उलट्या आट्यांची असते, ती घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होते. हे मी त्याला तीनदा सांगितलं, कारण माझ्या पहिल्या सायकलीला मी तीच वाटी सुलट्या दिशेने लांब पान्याने रेटली होती आणि फ्रेमचे आटे नव्याने काढून घ्यायला मजुरी मोजली होती. वाटी आधी बोटांनी फिरवायची. तीन-चार फेरे बोटांनी सहज गेली तरच पान्याला हात लावायचा. आट्यांवर ग्रीस भरपूर, कंजुषी नको. समुद्राच्या खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना चिकटून बसतात, आणि ग्रीस नसेल तर दोन वर्षांनी ती वाटी हातोड्यालाही दाद देत नाही.

वाट्या बसल्या की एक्सल उजवीकडून आत, डावा दांडा त्याच्या दातांवर, मग प्लॅस्टिकची टोपी हलक्या हाताने. ही टोपी फक्त खेळ काढण्यासाठी असते, जोरासाठी नव्हे. मग डाव्या दांड्याचे दोन बोल्ट आलटून पालटून, थोडा हा, थोडा तो, १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत. एकच पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर पहिला सैल पडतो. टॉर्क पाना नसेल तर मिस्त्रीकडे जाऊन तेवढंच करून घ्या. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

शेवटी दांडा धरून आडवा हलवून बघायचा, खेळ नको. चेन न लावता क्रँक फिरवायची. नवी बीबी सीलमुळे जरा जड फिरते, तो दोष नव्हे. खरखर किंवा अडखळणं मात्र नको.

मुंबईत क्रँकच्या आधी बीबी मरते, हे गृहीत धरूनच हिशोब करा. सांताक्रूझला वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि सीटच्या दांड्याच्या फटीतून उतरलेलं पाणी सरळ त्या नळकांड्यात येऊन बसतं. बऱ्याच फ्रेमना नळकांड्याच्या पोटाला एक बारीक छिद्र असतं, ते पाणी निघून जावं म्हणूनच. चिखलाने बुजलं असेल तर सेफ्टी पिनने मोकळं करा. भाच्याच्या फ्रेमचं मोकळं केलं तेव्हा सीटच्या नळीत अडलेलं चमचाभर तांबूस पाणी गॅलरीच्या लादीवर ठिबकलं, आणि ती फ्रेम चार महिने घरात भिंतीला टांगलेली होती.